रेडिओचा परवाना

२०२३ च्या उन्हाळ्यात आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा सातबाऱ्याच्या जुन्या नकला, सोसायटीच्या पावत्या आणि नातेवाइकांच्या पत्रांच्या गठ्ठ्याखाली तळहाताएवढी एक पुस्तिका निघाली. रेडिओ बाळगण्याचा तो परवाना होता. आत ओळीने त्या-त्या वर्षाचे शुल्क भरल्याची तिकिटे चिकटवलेली आणि प्रत्येक तिकिटावर आमच्या गावच्या टपाल कचेरीचा गोल शिक्का. काही शिक्के ठसठशीत, काही शाई संपत आल्यासारखे पुसट. शेवटच्या वर्षांत हे शुल्क पंधरा रुपये होते. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि पंधरा रुपये त्यांच्या लेखी किरकोळ रक्कम नव्हती, तरीही मुदत संपायच्या आत ते स्वतः कचेरीत जाऊन तिकीट लावून घेत. आळीतल्या सगळ्यांचीच तशी रीत होती असे नाही. परवान्याचा तपासनीस गावात आल्याची कुणकुण लागली, की दोन-तीन घरांतले रेडिओ धान्याच्या कणगीमागे जात आणि तो परतीच्या एसटीत बसला की पुन्हा फळीवर येत.

पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या आजोबांनी क्वचितच चुकवल्या असतील. सुधा नरवणे यांचा आवाज सुरू झाला, की स्वयंपाकघरात भांडे आपटलेलेही त्यांना चालत नसे. एखाद्या गावाच्या नावाचा उच्चार चुकला किंवा तालुक्यातल्या दुष्काळाची बातमी राहून गेली, तर त्याच दिवशी केंद्र संचालकांच्या नावे पोस्टकार्ड जाई, आणि त्या कार्डाच्या माथ्यावर, तारखेच्याही आधी, परवान्याचा क्रमांक लिहिलेला असे. 'क्रमांक कशाला?' असे मी लहानपणी एकदा विचारले होते. 'आपण पैसे भरतो ना? मग विचारणारा कोण, हे त्यांना कळायला नको?' असे ते म्हणाले. तेव्हा ते वाक्य मी कानाआड केले. पुढे स्वतः बातम्यांच्या धंद्यात काही वर्षे काढल्यावर त्याचा अर्थ लागत गेला, आणि ती पुस्तिका हातात आल्यापासून तर तो मनातून जात नाही. आवाजाचा खर्च कोण भागवतो आणि त्या खर्चाच्या बदल्यात कोणाला विचारण्याचा हक्क मिळतो, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसापाशी असावीत अशी आजोबांची साधी समजूत होती. आपल्याकडे प्रसारणाच्या जवळजवळ शंभर वर्षांत ती दोन उत्तरे फार क्वचित एका ठिकाणी आली.

सुरुवात खासगी कंपनीने झाली, हे आता बऱ्याच जणांना आठवत नाही. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे. परवान्याचे वार्षिक शुल्क दहा रुपये होते आणि त्यातला मोठा हिस्सा सरकार कंपनीला देत असे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या पैशावर केंद्र चालावे, अशीच ती रचना होती. पण रेडिओ संच महाग होते, परवानाधारकांची संख्या देशभरात आठ हजारांच्याही आत राहिली, परवान्याशिवाय ऐकणारेही होतेच, आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. १ एप्रिल १९३० पासून प्रसारण सरकारी खात्याच्या ताब्यात गेले. पुढे १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले, स्वातंत्र्य आले, आकाशवाणी हे नाव रूढ झाले, तरी ताबा तसाच राहिला. परकीय सत्तेने आपल्या सोयीसाठी बांधलेली चौकट स्वकीयांना गैरसोयीची वाटली नाही, आणि ती मोडण्याची निकड कोणत्याच पक्षाला सत्तेत असताना भासली नाही.

सत्तेचा हात नेहमीच दडपशाहीच्या रूपाने येतो असेही नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, व्यासंगी, अभिजात संगीताचा खरा चाहता. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळात उभे राहिले. संस्थाने खालसा झाल्यावर आधार गमावलेल्या कितीतरी गायक-वादकांना आकाशवाणीने हक्काचे व्यासपीठ दिले. हे श्रेय त्यांचेच आहे आणि ते नाकारू नये. पण याच केसकरांना चित्रपटगीते हिणकस वाटत, आणि त्यांना तसे वाटते म्हणून साऱ्या देशाच्या रेडिओवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. एका माणसाची अभिरुची, कितीही उच्च असली तरी, कोट्यवधी लोकांच्या कानांवर हुकूम म्हणून चालवण्याची सोय त्या चौकटीत होती. आमच्या घरात आजोबा केसकरांच्या बाजूचे होते. आजीचे मत निराळे होते, आणि ते ती काटा फिरवून सांगत असे.

तो काटा रेडिओ सिलोनवर थांबे. कोलंबोहून येणारे ते हिंदी प्रसारण समुद्र ओलांडून आमच्या माजघरात खरखरत पोहोचत असे आणि त्यातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम, अमीन सयानी यांची १९५२ मध्ये सुरू झालेली बिनाका गीतमाला, एका टूथपेस्टच्या पैशावर चालत होता. म्हणजे दिल्लीतल्या मंत्र्याने जी जागा रिकामी केली, ती दुसऱ्या देशातल्या केंद्रावरून एका कंपनीच्या जाहिरात-खात्याने भरली. एकाने ऐकणाऱ्याला शिकवायचे ठरवले, दुसऱ्याने त्याला दंतमंजन विकायचे ठरवले. आजीला गाणी मिळाली, याचा मला आनंदच आहे. मात्र दोन्हीकडे निर्णय तिचा नव्हता.

पुढे जे झाले ते अपेक्षितच होते. श्रोते हातचे जात आहेत असे दिसल्यावर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते घरी परतली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ पासून, तीवर जाहिराती सुरू झाल्या. ही सुरुवात झाली मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. देशाच्या सरकारी रेडिओवर जाहिरात प्रथम आपल्या महाराष्ट्रात ऐकू आली, आणि तेव्हा परवान्याचे शुल्कही चालूच होते. दूरचित्रवाणीवर जाहिराती आल्या १९७६ च्या १ जानेवारीला.

ती तारीख लिहिताना हात थांबतो, कारण तेव्हा आणीबाणी चालू होती. मी शाळेत होतो. रेडिओवर वीस कलमी कार्यक्रमाशिवाय काही उरलेले नव्हते आणि आजोबांची पोस्टकार्डे बंद झाली होती. संजय गांधींच्या मोहिमेत सामील व्हायला नकार दिला म्हणून १९७६ मध्ये किशोर कुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. गाण्यात आक्षेपार्ह काही नव्हते, नकार देणाऱ्या माणसाचे नाक दाबायचे होते. वर्तमानपत्रांची तऱ्हा आणखी बोलकी आहे. सरकारने पत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी विभागणी केली आणि सरकारी जाहिराती त्या हिशोबाने वाटल्या, हे पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर उघड झाले. पूर्वतपासणी करणारा अधिकारी कचेरीत बसवायला माणूस लागतो, हुकूम लागतो, त्याचा गवगवाही होतो. जाहिरात थांबवायला यातले काहीच लागत नाही. पुढच्या महिन्याचा धनादेश येत नाही, एवढेच.

निवडणुका जाहीर झाल्यावर ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती, तर त्याच संध्याकाळी लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनवर एक गाजलेला हिंदी चित्रपट लावण्यात आला. तरीही मैदान भरले. मार्चमध्ये मतमोजणीच्या रात्री आजोबांनी गोधडीखाली रेडिओ घेतला होता. रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्याचा निकाल आमच्या घरात बीबीसीच्या हिंदी बातम्यांतून आधी कळला आणि आकाशवाणीवरून खूप नंतर. ज्या केंद्राला ते वीस वर्षे पैसे भरत होते त्याने गप्प बसावे, आणि ज्याला त्यांनी एक छदामही दिला नव्हता त्याने सांगावे, याचे त्यांना फार वाईट वाटले होते. आनंदाच्या त्या रात्रीही वाटले होते.

परवान्याच्या बाजूने बोलताना ही आठवण मी मुद्दाम समोर ठेवतो. कारण आणीबाणीतही परवाना होताच, शुल्क भरले जातच होते, आणि त्याने कोणालाही वाचवले नाही. श्रोत्याचे पंधरा रुपये टपाल खात्यातून सरकारच्या तिजोरीत जात आणि तिजोरीतून आकाशवाणीला काय द्यायचे ते मंत्रालय ठरवत असे. वाटेत तो रुपया श्रोत्याचा राहत नसे, सरकारचा होत असे. पैसा कोणाच्या खिशातून निघाला याइतकेच तो कोणत्या हातांतून गेला हेही महत्त्वाचे आहे, आणि आपल्याकडे तो कायम एकाच हातातून गेला. १९८५ मध्ये शुल्क रद्द झाले तेव्हा आळीत कोणी हळहळले नाही. कटकट गेली म्हणून लोकांना बरेच वाटले, आणि आजोबांनी मात्र पुस्तिका ट्रंकेत ठेवली.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी जिल्ह्याच्या गावी एका केबल वाहिनीत बातम्या लिहीत होतो. एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतीला निळा पडदा, एक कॅमेरा आणि संध्याकाळचे अर्ध्या तासाचे बातमीपत्र, एवढा पसारा. तालुक्याच्या वार्ताहरांना पगार नव्हता. त्यांनी जाहिरात आणायची आणि त्यातली टक्केवारी घ्यायची. खरी कमाई दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवसांत होई. पडद्याखालच्या पट्टीवर 'शुभेच्छुक' म्हणून नावांची रांग धावत असे आणि कोणाचे नाव कोणाच्या आधी, यावरून फोन येत. हा तपशील बाहेरच्याला मामुली वाटेल, पण आतल्या माणसाला ठाऊक असते, की महिन्याची वीज, भाडे आणि पगार त्या रांगेवर उभे आहेत.

एका पावसाळ्याच्या अखेरीस आमचा एक वार्ताहर कॅसेट घेऊन आला. नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा थर साचला होता, पाणी चहाच्या चोथ्यासारखे काळपट झाले होते, आणि चित्रात वास येत नसला तरी कडेला उभ्या बाया नाकाला पदर लावून बोलत होत्या. वरच्या बाजूच्या साखर कारखान्याच्या आसवनीतली मळी पुराच्या पाण्यात सोडून दिली, असे त्यांचे म्हणणे होते. मी बातमी लिहिली, कारखान्याचे म्हणणे घेण्यासाठी फोन लावला, आणि तासाभरात मालकांनी मला आत बोलावले. ते ओरडले नाहीत. भला माणूस होता, माझ्या लग्नाला आलेला. त्यांनी जाहिरातींची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. गळीत हंगामाची जाहिरात, वार्षिक सभेची सूचना, अध्यक्षांचा वाढदिवस, चिरंजीवांचा वाढदिवस. 'या पानावर तुमचे आणि कॅमेऱ्याच्या पोराचे चार महिन्यांचे पगार आहेत,' ते म्हणाले, 'आता तुम्हीच सांगा.'

मी काही सांगितले नाही. बातमी लागली नाही. पंधरा-वीस दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ झाला, त्याचे चित्रीकरण आमच्याकडे आले आणि त्याला जोडायचा मजकूर मीच लिहिला. कॅसेटी महाग असत, आम्ही त्या पुन्हा-पुन्हा वापरत असू. मोळीचे चित्रण ज्या कॅसेटवर होते तिच्या पाठीवर त्या वार्ताहराच्या अक्षरातले खोडलेले 'बंधारा' तसेच होते. त्या अक्षरांची लाज मला आजही वाटते.

राजकीय दबाव वेगळा आणि व्यावसायिक दबाव वेगळा, अशी मांडणी पुष्कळदा वाचायला मिळते. आमच्या त्या दोन खोल्यांत ती मला कधी जुळवता आली नाही. कारखान्याचा अध्यक्ष, जिल्हा बँकेचा संचालक, पक्षाचा नेता आणि वाहिनीचा सर्वांत मोठा जाहिरातदार ही एकच व्यक्ती असे किंवा एकाच घरातल्या तीन व्यक्ती असत. खाल्ल्या मिठाला जागावे ही शिकवण आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे; घरात, शेजारात ती शोभते, पण बातमी लिहिणाऱ्याला खायला घालणारे घर एकच असेल तर तिच्यासारखा घात दुसरा नाही. हेच चित्र २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर मोठ्या आकारात दिसले. एकाच उमेदवाराची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दाचाही फरक नसताना, एकमेकांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढले, प्रेस कौन्सिलने समिती नेमली, समितीने २०१० मध्ये नावानिशी अहवाल दिला, आणि तो संपूर्ण अहवाल लोकांसमोर यायला पुढचे वर्ष उजाडावे लागले.

मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत वहीची जागा टीआरपीने घेतली आहे. देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २० कोटी, आणि कोण काय पाहते हे २०२० च्या सुमारास ठरत होते ४४ हजारांच्या आसपास घरांत बसवलेल्या मीटरांवरून. जाहिरातीचा दर त्या आकड्यावर, वाहिनीचा तग त्या दरावर. वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षक तर आधीच थोडे, त्यामुळे एखाद्या भागातली मोजकी घरे वळवली तरी आकडा हलतो. अशी घरे पैसे देऊन वळवली गेली, असा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये केला. वाहिन्यांनी तो नाकारला, आकडे मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी थांबवली ती २०२२ च्या मार्चपर्यंत, आणि खटला राज्य सरकारने २०२४ मध्ये मागे घेतला. खरे-खोटे कोर्टात ठरलेच नाही. पण आरोप क्षणभर बाजूला ठेवला तरी मला खटकते ते मूळ मापच. माणूस किती वेळ पडद्यासमोर थांबला एवढेच ते मोजते. भांडण पाहायलाही माणूस थांबतो. बंधाऱ्यावरच्या बायांचे म्हणणे ऐकून त्याला काय उमगले, हे कोणत्याच मीटरमध्ये येत नाही आणि म्हणून त्याला दर नाही.

या सगळ्यावर उपाय कोणी सुचवलाच नाही असे मुळीच नाही. अशोक चंदा समितीने १९६६ मध्येच प्रसारण सरकारी खात्यातून काढून स्वायत्त महामंडळांकडे द्यायला सांगितले. आणीबाणीनंतर पत्रकार बी. जी. व्हर्गीस यांच्या गटाने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या राष्ट्रीय न्यासाची कल्पना मांडली. तेव्हाच्या जनता सरकारने विधेयक आणले ते बरेच पातळ करून, आणि सरकार पडले तसे तेही गेले. आकाशवाणी आणि दूरदर्शन ज्याच्याकडे सोपवायचे त्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा १९९० मध्ये मंजूर झाला आणि सात वर्षे पडून राहिला. तो अमलात आला सप्टेंबर १९९७ मध्ये. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादातून निघालेल्या प्रकरणात निर्णय दिला, की प्रसारण ज्यांवरून होते त्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र असलेल्या संस्थेने लोकहितासाठी केले पाहिजे. त्या पीठावरचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. त्या निकालात या लहरी सरकारच्या हातून सुटून बाजाराच्या हाती जाव्यात असे म्हटलेले नाही, त्या दोघांच्याही मक्तेदारीतून सुटाव्यात असे म्हटले आहे. आपण त्यातले आपल्या सोयीचे अर्धे वाक्य उचलले. टीव्हीवर खासगी वाहिन्यांचा पूर आला आणि स्वतंत्र नियामक आजतागायत आलेला नाही.

रेडिओवर तर उलटे टोक आहे. खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे पाठवायच्या. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या सामुदायिक केंद्रांवरही हेच बंधन आहे. शेतात, गोठ्यात, ट्रकच्या केबिनमध्ये ऐकता येणारे हे माध्यम, आणि त्यावर बातमीचा आवाज एकच.

तो आवाज ज्या प्रसार भारतीचा, तिची स्वायत्तता कागदावर भक्कम दिसते. अध्यक्षाची निवड राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा प्रतिनिधी अशा तिघांच्या समितीने करायची आहे. पण पगार केंद्र सरकारच्या अनुदानातून होतो, यंत्रसामग्रीसाठीचे पैसे केंद्राच्या योजनांतून येतात, आणि २०१८ मध्ये पगाराचे पैसे अडवल्याच्या मुद्द्यावरून प्रसार भारतीचे अध्यक्ष आणि मंत्रालय यांच्यात जाहीर वाद झाला. अडवले असोत वा नसोत, अडवता येतात एवढे सर्वांना कळले. हीच रीत मग खाली झिरपते. जून २०२० मध्ये पीटीआय या वृत्तसंस्थेने चीनच्या राजदूतांची मुलाखत घेतली, तेव्हा प्रसार भारतीने तिला वर्गणीचा फेरविचार करण्याचे पत्र पाठवले आणि त्याच वर्षी ती वर्गणी थांबवली. जिचे पैसे वरून अडू शकतात, ती संस्था दुसऱ्याचे पैसे अडवायला शिकली होती.

जर्मनीने या बाबतीत काय केले ते मला वारंवार आठवते, कारण रेडिओ सरकारच्या मुठीत गेल्यावर काय होते हे त्या देशाइतके कोणी भोगलेले नाही. तिथे प्रत्येक घर, टीव्ही असो वा नसो, दरमहा सार्वजनिक प्रसारणासाठी ठरावीक वर्गणी भरते. ती किती असावी हे सोळा स्वतंत्र तज्ज्ञांचा आयोग हिशोब तपासून सुचवतो आणि राज्यांनी ते मंजूर करायचे असते. २०२० मध्ये ही वर्गणी १७.५० युरोंवरून १८.३६ करायचे ठरले असताना सॅक्सनी-अनहाल्ट या एका राज्याने मंजुरी रोखली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितले, की प्रसारणस्वातंत्र्यात पुरेसा पैसा मिळण्याचा हक्क अंतर्भूत आहे, आणि वाढ लागू केली. सक्तीची वर्गणी म्हणून तिथेही लोक कुरकुरतात, मोठ्या पगारांवर टीका होते. ते सगळे रास्त असेल. पण तिथे घरातून निघालेला पैसा मंत्र्याच्या मेजावर मुक्काम न करता केंद्रापर्यंत पोहोचतो, आणि आजोबांच्या पंधरा रुपयांना ती वाट कधी मिळाली नाही.

आपल्याकडे पुन्हा परवाना आणावा असे मी म्हणत नाही. कणगीमागे रेडिओ लपवणाऱ्यांचीही बाजू होती. मात्र संसदेने काही वर्षांसाठी एकदम बांधून दिलेला आणि मंत्रालयाला हात लावता येणार नाही असा निधी, किंवा लहरींच्या लिलावातून आणि जाहिरातींच्या उलाढालीतून कायद्याने वेगळा काढलेला वाटा, ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. जिल्ह्यातल्या छोट्या वाहिन्या आणि सामुदायिक केंद्रे यांनाही त्यातून, एखाद्या स्वतंत्र मंडळामार्फत, चार पैसे मिळाले असते तर आमच्या मालकांना ती वही उघडावी लागली नसती. त्यांच्याबद्दल मला राग नाही. त्यांना दुसरे पान नव्हते.

त्या उन्हाळ्यात ट्रंक उघडून महिना झाला नसेल, तोच पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाल्याची बातमी आली. गहजब झाला, लोकांनी निषेध केला, राजकीय नेते मध्ये पडले, आणि काही दिवसांतच केंद्रीय मंत्र्यांच्या पातळीवरून आदेशाला स्थगिती मिळाली. मला मनापासून आनंद झाला. पण स्वायत्त म्हणवणाऱ्या महामंडळाचा आदेश मंत्र्याच्या शब्दाने थांबला होता, आणि त्याबद्दल कोणाला, मलाही, त्या घाईत काही वाटले नव्हते.

आदेशाची बातमी वाचली त्याच दिवशी मी पोस्टकार्ड आणले होते. माथ्यावर आजोबांच्या परवान्याचा क्रमांक लिहिला, तारीख घातली, मजकूर आठ ओळींत बसवला आणि पत्त्याच्या जागेपाशी थांबलो. केंद्र संचालकांना लिहून उपयोग नव्हता, निर्णय त्यांचा नव्हता. प्रसार भारतीच्या कायद्यात श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषद नावाची एक संस्था सांगितलेली आहे. चौदाव्या कलमात तिची रचना दिली आहे, पंधराव्यात तिचे काम. कायदा होऊन तेहेतीस वर्षे झाली होती आणि ती परिषद कधी नेमलीच गेली नव्हती, म्हणून तिला पत्ता नव्हता. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग माहिती व प्रसारण मंत्री, शास्त्री भवन, नवी दिल्ली, असे लिहिले आणि टपाल कचेरी बंद व्हायच्या आत कार्ड पेटीत टाकून आलो.